हवा कोणाच्या बापाची?

मी हवा साफ करणारा माणूस आहे. हसू नका. आजा गावात मेलेली ढोरं ओढायचा. बाप मुंबईच्या गिरणीत कापूस गिळायचा. आणि मी बारा वर्षं टॉवरमधल्या श्रीमंतांच्या घरातली हवा धुतली. तीन पिढ्या झाल्या. याला प्रगती म्हणतात.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांना आधी काम समजावून सांगतो. कारण आपल्याकडे काम न बघता कामावर कविता लिहायची खोड आहे.

मोठ्या फ्लॅटात भिंतीवर एसी दिसत नाही. दिसला तर घराची शोभा जाते. यंत्र छताच्या वर लपवलेलं असतं. त्याला जोडून पत्र्याचे चौकोनी बोगदे सगळ्या खोल्यांवरून फिरवलेले असतात. त्यांना डक्ट म्हणतात. खाली जिप्समचं खोटं छत, छताला जाळी. एका जाळीतून गार हवा खाली पडते, दुसऱ्या जाळीतून खोलीतली हवा परत वर ओढली जाते. फिल्टर, थंड कॉइल, पंखा, पुन्हा बोगदा. तीच हवा गोल गोल फिरते. या बोगद्यात धूळ धरते. ती काढायचं काम आमचं.

आम्ही चौघं जायचो. आधी सोफ्यावर, पलंगावर, देव्हाऱ्यावर प्लॅस्टिक पांघरायचं. जाळ्या उतरवायच्या. सगळी तोंडं बंद करून एका तोंडाला हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप लावायचा आणि तो मोठ्या ओढणाऱ्या मशिनला जोडायचा. मग दुसऱ्या तोंडातून लांब तारेवरचा गरगर फिरणारा ब्रश आत सोडायचा. ब्रश धूळ उडवतो, मशिन ओढून घेतं. मशिनच्या पोटात हेपा फिल्टर असतो. मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा कण जरी असला तरी तो दहा हजारातले तीनच सोडून बाकी सगळे पकडतो. शेवटी कॅमेरा आत घालून गिऱ्हाइकाला दाखवायचं: हे आधी, हे नंतर. बाई खूश. साहेब खूश.

आणि आम्ही? अंगात कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर इंग्रजीत कंपनीचं नाव. तोंडावर मास्क, तोही गिऱ्हाईक बघतंय तोवर. खोट्या छताच्या वर अर्धं शरीर घुसवून माणूस उताणा पडला की डक्टला गुंडाळलेल्या काचेच्या लोकरीचे बारीक काटे मानेत, कोपरात, कमरेत शिरतात. रात्री अंघोळ केली तरी जात नाहीत. बायको म्हणायची, तुम्ही अंथरुणाच्या तिकडच्या कडेला झोपा, पोराला टोचतं.

धुळीसाठी हेपा फिल्टर. आमच्यासाठी अंथरुणाची तिकडची कड.

२

आता या धंद्याची जाहिरात बघा. शुद्ध हवा. निरोगी कुटुंब. तुमच्या घरात अदृश्य शत्रू. लहान मुलाचा फोटो, त्याच्या नाकाशी काळे ठिपके. आणि एक शब्द हमखास: प्रोफेशनल.

हा धंदा अमेरिकेतून आला. तिकडे घराघरात हवेचे बोगदे असतात, आणि ते साफ करणाऱ्यांची संघटना १९८९ साली निघाली. पण त्याच देशाचं पर्यावरण खातं काय सांगतं ऐका. डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधी सिद्ध झालेलं नाही. आत डोळ्याला दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किडे झाले असतील, किंवा धुळीने वाट तुंबून जाळीतून कचराच खाली पडत असेल तर साफ करा. नाहीतर दरवर्षी साफ करायचं काही कारण नाही. म्हणजे ज्या देशाने हा धंदा काढला त्या देशाचं सरकारच सांगतंय, बाबांनो, उगाच पैसे घालवू नका.

मी बारा वर्षांत बुरशी बघितली. मेलेला उंदीर बघितला. एका ठिकाणी बांधकामाच्या वेळचं सिमेंटचं रिकामं पोतं बघितलं, ते वर्षानुवर्षं त्या घराला हवा पुरवत होतं. अशा घरांत कामाची गरज होती. पण दहातल्या सात घरांत काय होतं? बोटभर राखाडी धूळ. ती त्यांना चावत नव्हती, खात नव्हती. तरी आमचा सेल्समन कॅमेरा आत घालून ती टीव्हीएवढी मोठी करून दाखवायचा आणि बाईच्या तोंडचं पाणी पळायचं.

ती धूळ कसली असते? कपड्याचे तंतू. केस. कुत्र्याचे केस. रस्त्यावरची माती. आणि माणसाची मेलेली कातडी. माणसाच्या अंगावरून रोज कातडीचा भुगा झडत असतो, तुमच्या माझ्या, सगळ्यांच्या. तोच हवेबरोबर बोगद्यात जातो आणि बसतो.

हे कळलं त्या दिवशी मी ब्रश बंद करून खाली बसलो. आज्याची आठवण झाली. गावातलं ढोर मेलं की सांगावा यायचा. आजा आणि भावकी जाऊन ते ओढून आणायची, कातडी सोलायची. १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, हे सोडा. १९५६ नंतर आमच्या वस्तीने सोडलं. त्यापायी गावाने बहिष्कार घातला, दळण बंद केलं, तरी सोडलं. आजा छाती ठोकून सांगायचा, आपण मेलेलं वढायचं सोडलं.

आणि नातू काय करत होता? बाविसाव्या मजल्यावर, टी-शर्ट घालून, सावकाराची मेलेली कातडी ओढत होता. सांगावा फक्त मोबाइलवर येत होता.

त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. घाण काढायचं काम आपण केलं की ती आपली जात. तेच काम कंत्राट घेऊन, इंग्रजी नाव देऊन, आपल्याच पोरांकडून करून घेतलं की तो त्यांचा प्रोफेशन. नफा प्रोफेशनल. हात तेच.

३

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आला. खडी फोडून कंटाळला आणि गाडीत बसला. गिरणीत बदली कामगार म्हणून सूतखात्यात लागला.

बापाच्या आधीची गोष्ट सांगतो, ती प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. श्वास आत ओढायचा आणि धागा बाहेर काढायचा. महाराने तोंड लावलेल्या धोट्याला स्पृश्य कामगार तोंड कसं लावणार? लाल बावट्याखाली एकत्र घोषणा देणाऱ्याला, एकाच मालकाचा मार खाणाऱ्यालाही, आपला श्वास बाटवत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला.

म्हणजे हवेला जात आहे. हे मी अलंकार म्हणून बोलत नाही. मुंबईत हवेच्या जातीवरून मजुरी ठरत होती.

बापाच्या काळी सूतखात्यात मोठे हवेचे बोगदे होते. त्यातून दमट हवा सोडायचे. कशासाठी? कामगाराला गार वाटावं म्हणून? नाही. हवा कोरडी पडली की सूत तुटतं. सूत तुटू नये म्हणून हवा दमट. त्याच हवेत कापसाचा भुगा तरंगायचा आणि बापाच्या छातीत जाऊन बसायचा. सुतासाठी हवेची एवढी काळजी, आणि सूत काढणाऱ्याला खोकला. १९८२ चा संप झाला. संपासोबत बापाची नोकरी गेली. खोकला मात्र कायम राहिला. बदलीवाल्याला कायम मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांत पुन्हा हवेचे बोगदे आले. आणि बोगदे साफ करायला बदलीवाल्याचा पोरगा आला. कंत्राटी. म्हणजे बदलीच. फक्त शब्द बदलला.

४

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. हे सांगायला मला लाज वाटते, म्हणून इतका वेळ बाकीचं सांगितलं.

असाच एक टॉवर. गिरणीच्या जमिनीवरचा. तीन दिवसांचं काम. आम्ही मालाच्या लिफ्टने वर जायचो, कारण माणसांच्या लिफ्टमध्ये आम्हांला आणि कुत्र्यांना बंदी. त्यातही एका कुत्र्याला परवानगी होती, ते कमिटीच्या मेंबरचं होतं. पहिल्या दिवशी बाईने पाणी दिलं, कागदाच्या पेल्यात. दोन घोट झाले आणि विचारलं, ‘आडनाव काय तुझं?’ मी सांगितलं. बाई काही वाईट बोलली नाही. शिकलेली होती. फक्त दुसऱ्या दिवशी पाणी दाराबाहेर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. तळघरात बिल्डिंगचं सांडपाणी शुद्ध करायची टाकी असते. तिचा पंप गाळाने तुंबला होता. लॉबीत वास मारत होता. त्या कामाची कंपनी वेगळी, आणि त्यांची गाडी यायला दोन दिवस लागणार होते. सेक्रेटरी आमच्या सुपरवायझरला म्हणाला, ‘तुमची पोरं आहेतच. मशिन पण आहे. एवढं उरकून द्या ना.’

सुपरवायझरने जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

‘साहेब, मशिन नाही चालणार तिथे. ओल्याने फिल्टर खराब होतो. लई महाग आहे. पोरं उतरतील.’

पुन्हा वाचा. मशिन खराब होईल म्हणून माणूस उतरेल.

माझा जोडीदार होता, विशीचा. परभणीकडून आलेला, मातंग समाजाचा, दोन महिने झाले होते लागून. त्याला पाचशे रुपये जास्त कबूल केले. तो खाली गेला. मीही गेलो. टाकीचं झाकण उघडलं होतं. आत अंधार आणि सडक्या अंड्याचा वास. तो शर्टाची बटणं सोडायला लागला.

मी काय केलं? मी गप्प उभा राहिलो. भीमजयंतीला वस्तीत भाषण करणारा मी, पोरांना ‘गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या’ असं सांगत फिरणारा मी, चार बटणं सुटेपर्यंत गप्प उभा राहिलो. मनात काय चाललं होतं तेही लिहितो, खोटं लिहून उपयोग नाही. मनात आलं, आपल्याला नाही ना सांगितलं. मनात आलं, पोराची फी भरायचीय. आणि त्याहून घाणेरडं मनात आलं: हे आपलं काम नाही, आपण ते १९५६ लाच सोडलं, ज्यांनी सोडलं नाही ते करतील.

चौथं बटण सुटलं तेव्हा पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, ‘दादा, दोरी धरता का?’

दोरी धरता का. म्हणजे तो उतरणार हे ठरलेलं, मी फक्त दोरी धरायची. मग मला कंठ फुटला. मी म्हटलं, शर्ट घाल. सुपरवायझर म्हणाला, ‘का रे, पुढारी झालास?’ मी म्हटलं, तुम्ही उतरा, मी दोरी धरतो. सेक्रेटरी म्हणाला, ‘अरे, पाच मिनिटांचं काम आहे.’ ते खरं होतं. आत माणूस मरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हा वायू सगळ्यांनी ओळखून ठेवा. हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, गेला वास, आता उतरायला हरकत नाही. आणि तोच मरणाचा क्षण असतो. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून बातमीत एक मेला असं क्वचित असतं. दोन मेले, तीन मेले असंच असतं.

आम्हांला दोघांनाही त्याच दिवशी काढलं. दोन दिवसांची मजुरी बुडवली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या टॉवरच्या गेटवर गेलो. वॉचमनला विचारलं, टाकीचं काय झालं? म्हणाला, ‘रात्रीच झालं की. नाक्यावरून दोन पोरं आणली.’ मी विचारलं, बरी आहेत? म्हणाला, ‘एकाला उलट्या झाल्या. बाकी काय नाय.’

बाकी काय नाय. म्हणून पेपरात काही आलं नाही. एका माणसाने नाही म्हटल्याने काहीच थांबलं नाही. फक्त उतरणारी पोरं बदलली. तीसुद्धा बदलीवालीच.

५

आता विचार करा. बाविसाव्या मजल्यावर, जिथे धूळ कोणाला मारत नाही, तिथे मशिन, कॅमेरा, फिल्टर. तळघरात, जिथे हवा माणूस मारते, तिथे दोरी. पांढरपेशा शहाणा म्हणेल, तंत्रज्ञान अजून पोचलं नाही, वेळ लागेल. हे खोटं आहे. मशिन बाविसाव्या मजल्यावरून तळघरात यायला लिफ्टने एक मिनिट लागतो.

मशिन नाही म्हणून माणूस उतरत नाही. माणूस स्वस्त आहे म्हणून मशिन उतरत नाही.

आणि ही फक्त आपल्याच देशाची गोष्ट आहे असं नाही. इंग्लंडात घराघरात धुराडी होती. धुराडं म्हणजे उभा डक्टच. त्यातली काजळी काढायला गरिबांची, अनाथांची सहा-सात वर्षांची पोरं आत चढवायचे. कोपरं-गुडघे सोलायचे, पोरं अडकून गुदमरून मरायची. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की या पोरांना पुढे काजळीमुळे गुप्तांगाचा कॅन्सर होतो. १७८८ साली कायदा झाला. १८०३ साली धुराडं साफ करायचा लांब दांड्यांचा ब्रश निघाला, म्हणजे मशिन आलं. मग पोरं चढवणं थांबलं? नाही. मालक म्हणाले, ब्रश वाकड्या धुराड्यात जात नाही. बायका म्हणाल्या, ब्रशने गालिचा खराब होतो. १८३४ ला कायदा, १८४० ला कायदा, १८६४ ला कायदा. १८७५ साली केंब्रिजजवळ एका वेड्यांच्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रुस्टर नावाचं अकरा-बारा वर्षांचं पोर अडकून मेलं. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली, आणि त्यानंतर झालेल्या कायद्याने धुराडी साफ करणाऱ्याला पोलिसांचा परवाना लागू लागला. तेव्हा कुठे थांबलं. ब्रश निघाल्यापासून बहात्तर वर्षं.

गालिचा खराब होईल म्हणून पोर चढवा. फिल्टर खराब होईल म्हणून पोर उतरवा. भाषा बघा, एकच आहे. फरक इतकाच की तिथल्या पोराचा पोरगा सुटू शकत होता. इथे जन्माची दोरी आहे. काम सोडलं तरी आडनाव सुटत नाही. जात म्हणजे श्रमाची वाटणी नव्हे, माणसांची वाटणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं. मी त्यात एवढंच जोडतो, टॉवरमध्ये ती मजल्यांनी वाटलेली आहे.

आणि विज्ञानाची जात बघायची असेल तर तीही बघा. १९७६ च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं. तिथून घरी गेलेली माणसं न्यूमोनियाने मरायला लागली, तीसच्या आसपास मेली. संशय वातानुकूलन यंत्रणेवर गेला. अख्ख्या देशाचे शास्त्रज्ञ कामाला लागले आणि सहा महिन्यांत कधी न बघितलेला जंतू शोधून काढला. चांगलं झालं, माणसं वाचली. गटारातला वायू मात्र कोणाला शोधायचा नाही. तो शाळेच्या पुस्तकात आहे. त्याचं नाव, वजन, वास सगळं माहीत आहे. माहीत नसल्यामुळे आपली माणसं मरत नाहीत. माहीत असून मरतात.

६

कायदा? कायदा आहे की. १९९३ चा आहे. २०१३ चा आहे. योग्य साधनांशिवाय कोणालाही गटारात, सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र, बिनजामिनी. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यातही हाताने मैला उचलायला लावण्याचा गुन्हा घातला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली ते तीस लाख केले.

मेला तर तीस लाख. जगला तर पाचशे.

आणि तेही आपोआप मिळत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खाजगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन मजूर मेले. त्यांच्या बायकांना कायद्यातलं हक्काचं मागायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा २०२१ साली दहा लाखांचा हुकूम निघाला. त्याच २०२१ च्या जुलैत राज्यसभेत सरकारने सांगितलं, हाताने मैला उचलल्यामुळे कोणी मेल्याची नोंद नाही. शब्दांची चलाखी बघा. मैला उचलणं वेगळं, गटाराची धोकादायक सफाई वेगळी. दोन रकाने केले, आणि मेलेले एका रकान्यातून गायब. उत्तर देणारे मंत्री आपल्याच चळवळीतून वर गेलेले. वर हवा चांगली असणार.

पण मी फक्त मंत्र्यांवर थुंकून मोकळा होणार नाही. ते सोपं आहे. आपल्याकडे येतो.

आपल्यातले काही आता त्याच टॉवरांत राहतात. राहावं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते झोपडीत मरण्यासाठी नाही. पण एका घरात मी काम करत होतो. दिवाणखान्यात काही नव्हतं, आतल्या खोलीत कपाटाच्या दाराआड बाबासाहेबांचा फोटो. मी प्लॅस्टिक पांघरता पांघरता हळूच ‘जयभीम साहेब’ म्हटलं. साहेबांनी पटकन इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं, ‘काम लवकर आटपा.’ त्या साहेबांवर मी चिडत नाही. त्यांचाही श्वास कोंडलेला आहे. ते हेपा फिल्टर लावून जगतायत, जात आत येऊ नये म्हणून.

चिडतो मी आपल्यावर, चळवळीवर. आपण म्हणतो, गटाराचा प्रश्न मेहतरांचा, वाल्मिकींचा, रुखींचा, मातंगांचा. आपण नवबौद्ध, आपण ते सोडलं. चार बटणं सुटेपर्यंत मी हेच म्हणत होतो. हे बोलणं मनुस्मृतीचं आहे, ते आपल्या तोंडून येतं एवढंच. आपण महाडला पाणी घेतलं ते फक्त आपल्या भांड्यात भरायला घेतलं काय? आपल्या कवितांत गटार असतं, पण गटारात उतरणारा आपल्या शिबिरात नसतो. नाक्यावर रोज सकाळी उभी राहणारी ती दोन पोरं कोण, त्यांची नावं तरी आपल्यातल्या कोणाला माहीत आहेत काय? मलाही नाहीत. मी वॉचमनला त्यांची नावं विचारली नाहीत.

७

म्हणून शेवटचं. भाषण नको, काम सांगतो.

आपापल्या वस्तीजवळच्या नाक्यावर सकाळी सातला जा. टाक्या, गटारं, डक्ट, हॉटेलांच्या तेलकट चिमण्या साफ करायला कोण कोण नेतं ते विचारा. नावं लिहून घ्या, नेणाऱ्याचीही. प्रत्येक पोराच्या खिशात एक कागद द्या, त्यावर मोठ्या अक्षरात दोनच ओळी: वास गेला म्हणजे वायू गेला नाही. एक पडला तर दुसऱ्याने उतरू नका, अग्निशमनाला १०१ लावा.

सोसायट्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. त्यात लिहा की माणूस उतरवला तर हा गुन्हा आहे, सेक्रेटरी जबाबदार आहे. त्यांना धुळीची भीती दाखवून पैसे काढणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांना कायद्याची भीती दाखवा, तीसुद्धा फुकट.

मशिन मागा. केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ साली मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव बनवून दाखवला, तेव्हा मशिन नाही हे ऐकून घेऊ नका. पण मशिन मागताना ते चालवायची नोकरी आपल्या माणसाला मागा, कायम नोकरी. नाहीतर मशिन त्यांचं होईल आणि आपण नाक्यावरच राहू. आणि हे होत नाही असं म्हणू नका. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांनी युनियन करून, वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी झिजवून, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून कायम नोकरीचा हुकूम मिळवला. ते कोणी मोठे पुढारी नव्हते. हजेरीच्या वहीत ज्यांची नावंसुद्धा नीट लिहिली जात नव्हती अशी माणसं होती.

माझा तो जोडीदार परभणीला परत गेला नाही. आता तो आणि मी आठवड्यातून तीन दिवस नाक्यावर असतो. वहीत एकतीस नावं झाली आहेत. त्या रात्री उतरलेली दोन पोरं त्यात आहेत की नाहीत, माहीत नाही. आम्ही प्रत्येकाला विचारतो. कोणी कबूल करत नाही. सांगायला लाज वाटते म्हणतात. लाज त्यांना वाटते, दोस्तांनो. ज्यांनी उतरवलं ते बाविसाव्या मजल्यावर साफ हवेत झोपलेत.

पाणी घ्यायला महाडला जावं लागलं. हवा घ्यायला फार लांब जायचं नाही. नाका जवळच आहे. सकाळी सात वाजता.

जयभीम.